आधी १ टक्का, मग ३, मग शून्य! आकाशातल्या दगडाचा अंदाज असा बदलतो कसा?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झूल, गोंडे घ्यायला गेलो होतो. तिथं आमच्या शेजारचे आप्पा भेटले. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "काय रे लेका, तो दगड मग पडणार का नाही? एकदाचं काय ते सांग ना."

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. २०२५ च्या फेब्रुवारीत मीच बातमी टाकली होती. '२०३२ मध्ये पृथ्वीवर लघुग्रह आदळणार? मुंबईही धोक्याच्या पट्ट्यात!' असा मथळा होता. बातमी खूप फिरली, आपल्या पाच-सहा तालुक्यांतल्या सगळ्या ग्रुपवर गेली. आठवडाभरात धोका टळल्याची दुसरी बातमीही मी टाकली, पण ती कोणी पुढं पाठवली नाही. आप्पांपर्यंत पहिलीच पोचली.

आप्पांनी जानेवारीत संत्र्याच्या कलमांसाठी खड्डे घेतले होते. संत्र्याला पहिला बहार यायलाच पाच वर्षं लागतात. म्हणजे बाग कुठं हाती यायला लागणार आणि २०३२ उजाडणार. "दगडच पडणार असंल तर कलमांवर पैसा कशाला घालायचा," असं म्हणून त्यांनी लागवड पुढं ढकलली. जून गेला, जुलै गेला. खड्ड्यांत आता तण वाढलंय.

आप्पा थोडं गमतीनं बोलत होते, पण खड्डे खरेच रिकामे आहेत. त्यामुळं फेब्रुवारीत जे लिहायला पाहिजे होतं ते आज लिहितो. आकडा आधी वाढला, मग एकदम शून्यावर आला. मग शास्त्रज्ञ आधी खोटं बोलले होते की नंतर? उत्तर असं आहे की दोन्ही वेळा खरंच बोलले. कसं, ते बघू.

नेमकं काय घडलं होतं?

२७ डिसेंबर २०२४ ला दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात अ‍ॅटलास नावाच्या दुर्बिणीला एक नवा ठिपका दिसला. तो एक लघुग्रह होता. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड. त्याला '२०२४ वायआर४' असं नाव मिळालं. गंमत अशी की दिसण्याच्या दोन दिवस आधीच, २५ डिसेंबरला, तो पृथ्वीजवळून निघून गेला होता. अंतर होतं सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या दुपटीहून थोडं जास्त. आपल्याला दिसला तेव्हा तो लांब चालला होता आणि रोज अंधुक होत होता.

हा दगड सूर्याभोवती एक फेरी साधारण चार वर्षांत पूर्ण करतो. म्हणून २०२४ नंतर २०२८ आणि मग २०३२ ला तो पुन्हा आपल्या बाजूला येणार. गणित मांडल्यावर २२ डिसेंबर २०३२ ही तारीख पुढं आली. त्या दिवशी धडकेची थोडी शक्यता दिसत होती.

जानेवारीच्या शेवटी ही शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्के झाला, म्हणजे ३२ चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी धडकेची. दुसऱ्या दिवशी तो १.५ वर आला आणि २० तारखेला ०.२८ वर. २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. २०३२ मध्ये हा दगड पृथ्वीवर पडणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं.

बैल चुकला, असं समजा

आता आकडा आधी वाढला का, ते समजून घेऊ. हे दुर्बिणीपेक्षा बैलावरून लवकर कळतं.

समजा तुमचा बैल रात्री दावं तोडून गेला. आसपास दहा गावं आहेत. बैल कुठल्या गावाच्या शिवारात आहे, काहीच माहिती नाही. मग तो आपल्याच शिवारात असण्याची शक्यता किती? दहात एक, म्हणजे १० टक्के.

सकाळी निरोप येतो की वरच्या अंगाच्या पाच गावांत बघून झालं, तिथं नाही. आता पाच गावं उरली. आपल्या शिवाराची शक्यता झाली पाचात एक, म्हणजे २० टक्के. दुपारी अजून तीन गावं गळाली. उरली दोन. शक्यता झाली ५० टक्के. आणि संध्याकाळी फोन येतो, "तुमचा बैल आमच्याकडं बांधून ठेवलाय, घेऊन जा." आपल्या शिवाराची शक्यता एका फोनवर शून्य!

बघा, १० चे २० झाले, २० चे ५० झाले, तेव्हा बैल आपल्या गावाकडं एक पाऊलही सरकला नव्हता. तो होता तिथंच चरत होता. बदलली ती आपली माहिती. शोधायची जागा कमी होत गेली आणि आपलं गाव अजून यादीत होतं, म्हणून आकडा वाढला.

लघुग्रहाचंही अगदी असंच झालं. २२ डिसेंबर २०३२ ला तो कुठं असेल, हे सुरुवातीला एका बिंदूवर बोट ठेवून सांगता येत नव्हतं. आकाशात एक लांबच लांब पट्टा होता आणि दगड त्या पट्ट्यात कुठंतरी असणार होता. पृथ्वी त्या पट्ट्यात एका ठिकाणी येत होती.

समजण्यापुरता साधा हिशेब करू. पृथ्वीची रुंदी १२,७४२ किलोमीटर आहे. पट्टा १० लाख किलोमीटर लांब धरला तर पृथ्वीनं त्यातला सव्वा टक्का भाग अडवला. नवीन निरीक्षणं आली आणि पट्टा ४ लाख किलोमीटरचा झाला. पृथ्वी तेवढीच आहे आणि अजून पट्ट्यातच आहे. आता तिचा वाटा झाला ३ टक्क्यांच्या वर. खरं गणित याहून अवघड असतं, कारण पट्ट्यात सगळीकडं शक्यता सारखी नसते. पण आकडा वाढण्याचं कारण हेच. पट्टा आणखी आखडला आणि पृथ्वी त्याच्या टोकाबाहेर गेली. झालं, आकडा कोसळला.

मग पहिल्याच दिवशी बरोबर का सांगता येत नाही?

शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण सांगतो. तिफणीनं पेरताना पहिलं तास धुऱ्याजवळ बोटभर तिरकं गेलं तर तिथं काही कळत नाही. शेताच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर तेच हातभर चुकलेलं दिसतं. चूक तेवढीच, पण अंतर वाढलं की तीही वाढते.

लघुग्रह दुर्बिणीत दगडासारखा दिसत नाही. तो एक ठिपका असतो. थोड्या थोड्या वेळानं फोटो काढायचे आणि मागच्या ताऱ्यांच्या मानानं ठिपका किती सरकला ते मोजायचं. त्यावरून त्याची वाट काढायची. ही मोजणी कितीही चांगली केली तरी त्यात केसाएवढी चूक राहतेच. काही रात्रींच्या फोटोंवरून आठ वर्षांनंतरची जागा काढायची, तर ती केसाएवढी चूक लाखो किलोमीटरची होते.

त्यात पृथ्वी थांबलेली नाही. ती सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं धावते. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती सात मिनिटांत ओलांडते. दगड आपल्या वाटेवर आलाच, पण सात-आठ मिनिटं उशिरा आला, तर पृथ्वी पुढं निघून गेलेली असते. आठ वर्षांनंतरची वेळ काही मिनिटांपर्यंत नेमकी सांगायची, असा हा हिशेब आहे. आपली एसटी उद्या किती वाजता येईल हे आपल्याला सांगता येत नाही, मंडळी!

म्हणून निरीक्षणं जितक्या जास्त दिवसांची, तितका पट्टा लहान. कधीकधी जुने फोटोही कामाला येतात. एखाद्या दुर्बिणीनं दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या जुन्या फोटोत तोच ठिपका सापडला, तर एकदम मागची माहिती हाती लागते.

हे आधीही झालंय

अपोफिस नावाचा एक लघुग्रह आहे. रुंदी सुमारे ३४० मीटर, म्हणजे वायआर४ च्या मानानं बराच मोठा. तो जून २००४ मध्ये सापडला. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, १३ एप्रिल २०२९ ला तो आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली. अशा धोक्यासाठी टोरिनो नावाची ० ते १० अशी मोजपट्टी आहे. तीवर अपोफिस ४ वर पोचला. त्याच्या आधी किंवा नंतर कोणताच लघुग्रह इतका वर गेलेला नाही. वायआर४ सुद्धा ३ वरच थांबला. अपोफिसची बातमी तेव्हा फारशी गाजली नाही, कारण त्याच दिवसांत, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली होती.

पुढं मार्च २००४ चे जुने फोटो सापडले आणि २०२९ ची धडक यादीतून गेली. मग २०३६ ची शंका राहिली. तीही २०१३ मध्ये गेली. मार्च २०२१ मध्ये रडारनं मोजणी झाल्यावर नासानं सांगितलं की निदान पुढची शंभर वर्षं अपोफिसची चिंता नाही.

आता तोच अपोफिस १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. आपल्या टीव्हीच्या डिशला सिग्नल देणारे उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटरवर असतात. त्यांच्याही आतून तो जाईल. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांना दिसेल. तो सगळ्यात जवळ येईल तेव्हा आपल्याकडं घड्याळात १४ एप्रिलची पहाट, सव्वातीनचा सुमार असेल. आंबेडकर जयंतीचा दिवस. तेव्हा ग्रुपवर काय काय फिरेल याचा अंदाज आत्ताच बांधून ठेवा. वेळ मिनिटापर्यंत सांगता येते, यावरूनच समजा की पट्टा किती बारीक झालाय.

म्हणजे वाढता आकडा सोडून द्यायचा का?

नाही. इथं दुसऱ्या बाजूनंही बघायला पाहिजे. बैल खरंच आपल्या शिवारात असता तर आकडा ५० वरून शून्यावर गेला नसता, १०० वर गेला असता. बहुतेक वेळा शेवट शून्यावर होतो, कारण पृथ्वी लहान आणि आकाश फार मोठं. पण बहुतेक वेळा म्हणजे दरवेळा नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका दुर्बिणीला सुमारे चार मीटरचा दगड दिसला. गणित झालं आणि सांगितलं गेलं की हा एका दिवसाच्या आत आफ्रिकेतल्या सुदानवर येणार. आणि तो आला. वाळवंटावर आकाशात फुटला, कोणाला इजा झाली नाही. नंतर शोधकांना त्याचे तुकडे वाळूत सापडले. म्हणजे माहिती पुरेशी असेल तर हे गणित ठिकाणही बरोबर सांगतं.

दगड दिसलाच नाही तर मात्र गणित काही करू शकत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा दगड आकाशात फुटला. तो सूर्याच्या बाजूनं आला, म्हणून आधी कोणालाच दिसला नव्हता. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बरेचसे खिडक्यांच्या काचांनी. उजेड पडला म्हणून लोक खिडकीशी बघायला गेले आणि मिनिट-दोन मिनिटांनी हादरा पोचला. म्हणून आकाशात कधी असा डोळे दिपवणारा लोळ दिसलाच तर काचेपासून लांब व्हा, एवढं लक्षात ठेवा.

ऑगस्ट २०२० मध्ये एक मोटारीएवढा दगड हिंदी महासागरावरून फक्त २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. तो गेल्यावर सहा तासांनी अमेरिकेतल्या दुर्बिणीच्या फोटोत त्याची रेघ दिसली. ती ओळखणारा होता मुंबईच्या आयआयटीतला विद्यार्थी कुणाल देशमुख. एवढासा दगड हवेतच जळून गेला असता. पण कळलं ते तो गेल्यावर, हेही खरं आहे.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही

आकाशातला दगड काय करतो ते बघायला आपल्याला रशियाला जायची गरज नाही. आपलं लोणार आहे ना! पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद खड्डा एका धडकेनं आपल्या काळ्या बेसाल्ट दगडात पडला. तिथं दैत्यसूदनाचं मंदिर आहे, लवणासुराची गोष्ट आहे, आणि जगभरातले अभ्यासक माती तपासायला येतात.

वायआर४ लोणारसारखा खड्डा पाडण्याएवढा मोठा नाही. जेम्स वेब दुर्बिणीनं त्याची रुंदी सुमारे ६० मीटर काढली आहे. ३० जून १९०८ ला सायबेरियातल्या तुंगुस्का भागात साधारण एवढाच दगड आकाशात फुटला असं मानतात. तिथं सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरची झाडं आडवी झाली. म्हणजे एका शहराला भारी, पण सगळ्या पृथ्वीला नाही. 'जगाचा अंत' वगैरे जे फिरत होतं, ते तेव्हाही खोटंच होतं.

माझ्या मथळ्यातल्या मुंबईचं काय? वायआर४ आदळलाच असता तर कुठं, याचा एक पट्टा काढला होता. तो पूर्व पॅसिफिक महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र ते दक्षिण आशिया असा होता. मुंबईचं नाव त्यातूनच आलं. पण तो पट्टा हजारो किलोमीटर लांब, आणि तोही ३ टक्के शक्यतेच्या आतला. मी 'मुंबईही धोक्याच्या पट्ट्यात' एवढंच लिहिलं. शब्द खोटा नव्हता, पण ९७ टक्क्यांची गोष्ट मी लिहिली नाही. ती चूक माझी.

मग चंद्राचा आकडा वाढला

नंतर तोच वायआर४ चंद्राच्या नावानं परत फिरला. 'चंद्र फुटणार' असे मेसेज मलाही आले. खरं एवढंच की २२ डिसेंबर २०३२ ला तो चंद्रावर आदळण्याची शक्यता २०२५ च्या फेब्रुवारीत १.७ टक्के होती, एप्रिलमध्ये ३.८ झाली आणि जूनमध्ये ४.३. म्हणजे न आदळण्याची शक्यता तेव्हाही ९५ टक्क्यांच्या वर होती. आदळला असता तरी चंद्र फुटला नसता, त्याची वाटही बदलली नसती. त्याच्या अंगावर आहेत त्या खड्ड्यांत एका खड्ड्याची भर पडली असती.

आणि आकडा का वाढला, हे आता तुम्हीच सांगा. पट्टा आखडत होता आणि चंद्र अजून पट्ट्यात होता. दगड तेव्हा इतका लांब आणि अंधुक झाला होता की जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसत नव्हता. २०२८ मध्ये तो परत जवळ येईल तेव्हा नव्यानं मोजणी होईल, असं वाटत होतं. पण २०२६ मध्येच नवी मोजणी झाली आणि हा आकडा शून्यावर आला. न आला असता तरी आपल्याला काही वर्षं आधी कळलं असतं.

आधी कळणं महत्त्वाचं, कारण आता उपायही करून बघितलाय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासानं डार्ट नावाचं यान डिमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. त्याला आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती फिरायला ११ तास ५५ मिनिटं लागायची, ती अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. दगडाला ढकलता येतं हे सिद्ध झालं. पण ढकलायला वर्षं हातात पाहिजेत. म्हणूनच १ टक्का असला तरी शास्त्रज्ञ तो जाहीर करतात. लपवत नाहीत.

मेसेज आला तर एवढं बघा

पहिलं, तारीख बघा. बातमी आजची आहे की फेब्रुवारीची? आकडा रोज बदलत असेल तर जुनी बातमी म्हणजे शिळी भाकर.

दुसरं, शक्यता किती टक्के लिहिलीय ते बघा. 'आदळणार' असं लिहिलंय आणि आकडाच नाही, तर पुढं पाठवू नका.

तिसरं, 'जवळून जाणार' म्हणजे किती जवळून? आकाशात दहा-वीस लाख किलोमीटरलाही जवळच म्हणतात.

चौथं, आकडा वाढला म्हणून दगड आपल्याकडं वळला असं समजू नका. बैल आठवा.

बाजारात उभ्याउभ्या आप्पांना एवढं सगळं सांगता आलं नाही. बैलाची गोष्ट तेवढी सांगितली. ती त्यांना लगेच पटली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मग लावू का कलमं?"

म्हटलं, "आप्पा, २०३२ च्या दगडापायी थांबू नका. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतंय का, तेवढं बघा आणि लावा."

"ते तर दगडाहून अवघड हाय," आप्पा म्हणाले, आणि बैलाचे गोंडे पिशवीत टाकून निघाले.